चहाचं एकच भांडं

नायगावात बसच्या रांगेत विनयाच्या पुढे उमेळ्याचे शत्रुघ्नकाका आणि कमळीकाकू उभे होते. लेक तेजस्वीसाठी फ्लॅटवाल्यांचा मुलगा बघून ते परत निघाले होते.

“अवो, ती मुलाची आई सारखी इचारत होती, मुलगी अ‍ॅडजस्ट करेल ना? म्हनजे काय?”

“शेअर रिक्षात चौथा आला की आपन सरकतो ना, तसं.”

“एवढा मोठा फ्लॅट. तेजूनं कशाला सरकायचं?”

“तसं नाय गं. दुसऱ्याच्या कलानं घ्यायचं. आता मला चहात साखर चालत नाय, तर तूही बिनसाखरेचा पितेस.”

“मला गोडच आवडतो.”

“मग पितेस कशाला?”

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हनाल्या, चहाचं भांडं एकच ठेव. तीस वरसं एकच ठेवते.”

“बोलली नाहीस कधी.”

“तुमी इचारलं नाय.”

बस आली. काका रांग सोडून टपरीकडे वळले.

“अवो, बस सुटंल.”

“सुटू दे. तुझ्यात साखर किती?”

विनयाचीही बस तीच होती, पण तिचा पाय निघेना.

“आता आठवत नाय,” काकू म्हणाल्या. “दोन चमचे टाकायला सांगा.”

“आनि त्या बाईला काय कळवू?”

“आधी इचारा, त्यांच्याकडं चहाची भांडी किती.”