दादाचा एक्स-रे

मंगळवारी सकाळी दादानं पाण्याचं पिंप उचललं आणि बुधवारी दुपारी तो गेला. पिंप उचलायला वहिनींनी सांगितलं होतं. त्याच्या जांघेत गाठ यायची, आडवं झालं की आत जायची. त्या दिवशी गेली नाही, आत आतडं अडकलं होतं, आणि आम्ही वीट तापवून रात्रभर शेकत बसलो. कोल्हापूरला न्यायला उशीर झाला.

आम्ही हुपरीचे. दादा चांदीची पैंजणं जोडायचा, मी शिकलो आणि कोल्हापुरात एका शाळेचं ग्रंथालय सांभाळून निवृत्त झालो. दोघांचीही कामं बैठी. गाठ दादानं लाजेपायी लपवली, त्या रात्रीपर्यंत फक्त वहिनींना ठाऊक होती. म्हणून अकरा वर्षं त्या एकच म्हणत आल्या, भावजी, मीच मारलं त्यास्नी, मीच पिंप उचलाय लावलं.

काय सांगू तुम्हाला, यंदा माझ्याच जांघेत तशीच गाठ आली, दादासारखी उजवीकडेच, आणि मी तर पुस्तकापलीकडे काही उचललेला माणूस नव्हे. डॉक्टरीणबाई हसल्या, काय काका, ज्ञानकोश उचलला काय? मग मी दादाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, त्यांच्या कमरेचा एखादा फोटो? होता की. दादा सायकलवरून पडला होता तेव्हाचा एक्स-रे आम्ही ग्रहण बघायला ठेवलेला, दर ग्रहणाला दादाच्या कमरेतून सूर्य बघायचो.

बाईंनी माझाही काढला आणि दोन्ही उजेडावर शेजारी लावले. बोट ठेवून म्हणाल्या, जांघेजवळचं हे हाड तुम्हा दोघांचंही नेहमीपेक्षा खाली आहे. त्यामुळं वरच्या स्नायूच्या आणि हाडाच्या मधे जागा जास्त राहते, खोकताना स्नायूनं ती पडद्यासारखी झाकायची, ती पुरती झाकत नाही. मी विचारलं, मग पिंप? त्या म्हणाल्या, हाड हेच एक कारण असं मी म्हणणार नाही काका, पण ती गाठ एका पिंपानं आलेली नव्हे, आणि अडकायला एखादा खोकलाही पुरला असता.

मी बघतच राहिलो. आमचे चेहरे वेगळे, हात वेगळे, आयुष्यं वेगळी, आणि आत हे हाड एकाच साच्यात ओतल्यासारखं. आईच्या पोटातून दोघांनी हे आणलं, एवढी वर्षं त्यावर बसलो, चाललो, आणि कुणाला पत्ता नव्हता. मला तिथं हात जोडावेसे वाटले.

दोन्ही एक्स-रे घेऊन हुपरीला गेलो, खिडकीशी धरून वहिनींना सगळं सांगितलं. त्यांनी दादाच्या हाडावर तळवा ठेवला. म्हणाल्या, व्हय भावजी, पर मी सांगितलं नसतं तर त्यो मंगळवार तरी निघाला असता की. मी एक्स-रे परत पाकिटात घालू लागलो. तशा त्या म्हणाल्या, आणि तुमी? तुमी बी विटा तापवत बसणार हायसा काय? उद्याच्या उद्या कापून घ्या.

माझं ऑपरेशन झालं, आत जाळी बसवली आहे. मी रविवारी हुपरीला जातो. वहिनी दादाबद्दल बोलतात, मी ऐकतो. पिंपाचं त्या अजून म्हणतात, पण दर रविवारी नाही.