नळीचं उद्यापन

...नाही नाही, बनुबाई, पोळ्या झाकून ठेवा, पान एकही वाढायचं नाही! फोन आल्याशिवाय नाही म्हणजे नाही! बसा गं बायांनो, मेहुणं आलीत त्यांनीही बसा, आवं दादा, तुम्ही खुर्ची घ्या, गुडघे दुखतात तुमचे... कळतंय मला, पुरणाचा वास घरभर सुटलाय आणि मी तुम्हाला नुसत्या पाण्यावर बसवलंय, पण मी तरी काय करू? उद्यापन आज, आणि ज्याचं उद्यापन ते तिकडं मिरजेला टेबलावर! कशाचं उद्यापन म्हणून काय विचारता? सोळा सोमवारचं नाही, शुक्रवारचं नाही... नळीचं! आमच्या ह्यांच्या पोटातल्या नळीचं! हसा, हसा. मीही हसले असते. पण तुम्हाला सांगते, सव्वा वर्ष मी देवापुढं बसून ज्या माणसाच्या आयुष्यासाठी हात जोडत होते, त्या माणसाच्या पोटात ती होती आणि मला पत्ताच नाही! मी आपली निरांजन लावतेय, बेल वाहतेय, आणि नळी? नळी आतच!

सुरुवात झाली मुतखड्यानं. असा कळा मारायला लागला की आमचे हे, ज्यांनी कधी घरात आवाज चढवला नाही, ते स्वयंपाकघराच्या फरशीवर आडवे पडून "आई गं... आगं म्हशीचा पाय पडल्यावानी दुखतंय" म्हणून ओरडायला लागले. मी कुळथाचं कढण दिलं, पानफुटीची पानं चावायला दिली, सोळा सोमवार धरले, आणि वर महादेवाला चांदीचा नाग करीन म्हणाले. बारा सोमवार झाले तरी खडा हलेना. मग सातारला डॉक्टरांकडं गेलो. आता ह्यांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, फलटणला कोण ओळखत नाही? अख्खी नोकरी कारखान्याच्या वजनकाट्यावर! उसाची गाडी आली की काट्यावर, माणूस दिसला की नजरेनं काट्यावर. मंडईत वांगी घेताना तराजूच्या खाली वाकून बघणारा माणूस तो. डॉक्टरांपुढं बसले आणि विचारतात काय, "डाक्टर, चिरून किती, दुर्बिणीनं किती, लेझरनं किती?" जसं काही घेवड्याचा भाव चाललाय! डॉक्टर बिचारे शांत. म्हणाले, "हंबीरराव, कोणतं करायचं ते खडा कुठं बसलाय, केवढा आहे, त्यावर ठरतं. दरावर नाही ठरत." तर हे माझ्याकडं वळून हळूच, "दरावर न्हाई ठरत म्हंजी लेझरच गळ्यात मारणार बघ."

मारलं लेझर. छान झालं हो! खड्याचा पार भुगा! घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला दोघांना समोर बसवून सांगितलं, कागदावर चित्र काढून सांगितलं, की वाटेला सूज येते म्हणून किडनीपासून लघवीच्या पिशवीपर्यंत एक बारीक नळी ठेवलीय, ती महिन्याभरानं काढायची, विसरायचं नाही. हे म्हणाले, "इसरतोय कशाला!" आणि तुम्हाला सांगते, ते विसरलेच नाहीत! विसरले असते तर मी एवढी हळहळले नसते. माणूस विसरतो. ह्यांनी विचार केला! येताना एसटीत खिडकीकडं तोंड करून वाठार येईपर्यंत विचार, आणि मग मला म्हणतात, "आगं, घालायचं येगळं आन् काढायचं येगळं, ह्यो काय हिशेब झाला? नळी इंपोर्टेड हाय. इकत घिऊन आत घातलीया. आता ती काढायला पुना पैसं देऊन टेबलावर चढायचं? आपली वस्तू, आपलं प्वाट. ऱ्हाती तर ऱ्हाऊ दे की!" मी म्हटलं, अहो, डॉक्टर म्हणालेत ना? "डाक्टर म्हणणारच. त्यास्नी दुकान चालवायचं हाय." मी म्हटलं, दुकानदार कुणी चित्र काढून समजावतो का? तर म्हणतात, "जातो, जातो, महिना होऊ दे."

महिना झाला. आता पुढची गोष्ट मला वर्षानं कळली, आणि कळली तेव्हा मी देवघराच्या उंबऱ्यावरच बसले. माझ्या सोळा सोमवारचं उद्यापन होतं त्या दिवशी. आठवतंय ना बनुबाई, तुम्ही चुरमा वळायला बसला होता? हे सोवळं नेसून माझ्या शेजारी पाटावर, जोडीनं पूजा. तेवढ्यात ह्यांचा मोबाइल वाजला. बाहेर ओट्यावर गेले, बोलून आले. मी विचारलं कुणाचा, तर म्हणाले, "कुणी न्हाई, कर्ज पायजे का इचारतीया एक पोरगी." कर्ज कसलं हो! दवाखान्यातली पोरगी होती ती! "काका, नळी काढायची तारीख आहे, येताय ना?" आणि ह्यांनी तिला सांगितलं, "आज कसं जमंल बाई? आज आमच्यात उद्यापन हाय!" म्हणजे बघा. व्रताचं उद्यापन केल्याशिवाय व्रत पुरं होत नाही हे मला कुणी शिकवायला नको. पंचामृत झालं, सोळा मेहुणं जेवली, ब्राह्मणाला दक्षिणा गेली, महादेवाला काही कमी पडू दिलं नाही मी... आणि त्याच पाटावर, माझ्या हाताला हात लावून बसलेल्या माणसाच्या पोटात? नळी आतच!

मग दिवस गेले. नळीचं विचारलं तर म्हणाले, "आलो की मागंच काढून," आणि मी खरं धरून चालले. आमच्या लेकीचं, मयूरीचं बाळंतपण आलं, ह्यांना उन्हाळी लागायला लागली. सारखं आपलं उठायचं, जळजळतंय म्हणायचं. मी सब्जा दिला, धन्याजिऱ्याचं पाणी दिलं, मठातला अंगारा लावला. कधी लघवी लाल दिसली तर म्हणायचे, "बीट खाल्लंया." बीट! आमच्या घरात बीट येत नाही हो, ह्यांनाच आवडत नाही म्हणून! मी म्हटलं, पुन्हा खडा तर नाही? "खडा गेला की! भुगा मी माज्या डोळ्यानं बघितलाय." आणि मला वाटायचं, खरंच की, खडा गेलाय, उद्यापन झालंय, नवसाच्या नागाचे तेवढे जमवायचेत, आता कसली काळजी? माणसाला सुख किती चटकन खरं वाटतं, नाही?

आणि मग सांगलीला माझ्या भाचीचं लग्न. अक्षता पडतायत, आणि ह्यांना अशी थंडी भरली, अशी भरली, की खुर्ची खडखडायला लागली. शेजारचे पाव्हणे म्हणतात, "वाजंत्री बंद झाली तरी ताशा कुठं वाजतोय?" ताशा नव्हे हो, आमचे हे! तसंच उचलून मिरजेला नेलं. तिथला डॉक्टर पोरगाच, आमच्या मयूरीच्या वयाचा. त्यानं फोटो उजेडावर धरला. मग मला जवळ बोलावून म्हणाला, "काकू, खडीसाखर बघितलीय ना दोऱ्यावर धरलेली? तशी झालीय बघा ही नळी. वर किडनीत खडा, खाली पिशवीत खडा, मध्ये नळी. कधी घातली?" मी सांगितलं. "मग काढली का नाही?" मी ह्यांच्याकडं बघितलं. तापानं फणफणलेला माणूस, डोळे उघडत नाहीत, पण बोलला! "चांगली व्हती की, डाक्टर. इंपोर्टेड हाय."

खडीसाखर! अहो, आयुष्य गेलं साखर कारखान्यात, घरात रोज देवापुढं वाटीत खडीसाखर, आणि ती ह्यांच्या किडनीत धरत होती आणि आम्हाला दोघांनाही कळलं नाही!

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, ती किडनीच काढून टाकायची. एकदाच ऑपरेशन, खर्च कमी, लवकर घरी. दुसरी, वाचवून बघायची. एकदा लघवीच्या वाटेनं, एकदा पाठीतनं, खर्च कितीतरी जास्त, आणि एवढं करून ती किती काम करेल ते आत्ता सांगता येत नाही. हे लगेच म्हणाले, "दुसरी किडनी चालू हाय न्हवं? मग काढा ही. परवडंल ते करा." पहिल्यांदा तुम्हाला सांगते, लग्नाला एवढी वर्षं झाली, पहिल्यांदा मी ह्यांना चारचौघांत गप्प केलं. म्हटलं, पुरे झालं तोलणं! डॉक्टर, वाचवायची. पैसे? नागाचे जमवलेले होते की! महादेवाला हात जोडले, म्हटलं, देवा, तुझा नाग थांबेल, तुला घाई नाही. ह्यांच्या किडनीला आहे. महादेव काही बोलला नाही. म्हणजे हो म्हणाला.

दुसऱ्या ऑपरेशननंतर मी ह्यांच्या उशाशी स्तोत्र म्हणत बसलेय, तर हे छताकडं बघत म्हणतात, "आगं, भरली गाडी काट्यावर घेतली, आन् रिकामी न घेताच सोडली गं मी." मला आधी वाटलं गुंगीत बरळतायत. मग म्हणाले, "अख्ख्या नोकरीत एक गाडी तशी जाऊ दिली न्हाई. माल उतरल्यावर रिकामी गाडी तोलली न्हाई, तर पहिल्या वजनाला इचारतंय कोण? आन् माजी मीच..." आणि तोंड भिंतीकडं केलं. मी आपली उद्यापनवाली आणि हे रिकाम्या गाडीवाले. काम पुरं कशाला म्हणतात ते आमच्याइतकं ह्या गावात कुणाला कळत होतं सांगा? आणि आमच्याच घरात... नळी आतच!

तर आत्ता पुन्हा नवी नळी घातली होती, सूज उतरेपर्यंत. ती आज निघतेय, आणि किडनी किती वाचली तेही आजच कळणार. मयूरीला कालच बरोबर धाडलंय. तिला सांगितलंय, बाळाला मी बघते, पण नळी डोळ्यांनी बाहेर आलेली बघ, मगच फोन कर, बाबांच्या शब्दावर जाऊ नको. आणि म्हणून तुम्ही सगळी इथं. नळी निघाल्याशिवाय पान वाढणार नाही असं बोललेय मी. मला तर सारखं वाटतं, आठ आणे, दहा आणे तरी वाचली असेल, एवढी माणसं उपाशी बसलीत त्याचं काही...

थांबा! वाजला! ...हां मयूरी, बोल... निघाली? तू बघितलीस? स्वतः? ...निघाली गं बायांनो, निघाली! वाजवा टाळ्या! ...आणि किडनी? काय म्हणाले? ...चौथा हिस्सा? म्हणजे... बरं. बरं. दे त्यांना... अहो, ऐकलं मी. नाही हो, रडत नाही, पुरणाचा वाफारा गेला डोळ्यात... काय? "रुपायातलं चारच आणं ऱ्हायलं, तुजा नाग फुकट गेला"? असं म्हणू नका हो! फुकट कसा? त्या डॉक्टरानं सगळीच काढली असती तर हातात काय राहिलं असतं? चार आणे तर चार आणे, आता तेवढेच जपायचे. पाणी प्या भरपूर. सावकाश या... काय? अजून काय राहिलं? ...कशाला?... अहो, कशाला पण?... बरं. या.

वाढा बनुबाई, पानं वाढा, पोळ्या गार झाल्या. आणि ओवाळायचं ताट जरा मोठं घ्या. येतायत संध्याकाळपर्यंत. डॉक्टरांकडून मागून घेतलीय म्हणे, धुऊन, पिशवीत घालून... "पैसं दिल्यात, आपली हाय न्हवं?" एवढे नवस केले, एवढे उपास केले तिला बाहेर काढायला, आणि आता दिवेलागणीला उंबरा ओलांडला की झालं... नळी आतच!