माईंचा उठतानाचा प्रश्न

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या कचेरीचे थोरले साहेब, मुख्य कार्यालयातून खास वेळ काढून आलेले पाहुणे, व्यासपीठावर अवघडून बसलेले माईंचे यजमान, ज्यांच्यासाठी आपण जमलो त्या आमच्या माई, आणि समोर बसलेल्या सहकारी व ग्राहक मंडळींनो,

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. खरं म्हणजे साहेबांनी आधी दुसऱ्या दोघांना विचारलं होतं. त्यांचे घसे ऐनवेळी बसले. माझा घसा ठणठणीत आहे. पोटात मात्र दुखतंय, आणि ते बऱ्याच वर्षांपासून.

होय, मी माईंवर जळते. निरोपाच्या भाषणात असं बोलत नाहीत हे मला कळतं, पण माई गेल्यावर बोलून काय उपयोग? त्यांच्या आणि माझ्या केबिनमध्ये एक काच आहे. माणसं त्यांच्याकडे कशी आत जातात आणि कशी बाहेर येतात, हे मी रोज बघत आले. बघायचं नाही म्हटलं तरी दिसतंच.

आमचं काम तुम्हाला ठाऊक आहे. लोकांच्या पैशाची घडी नीट बसवून द्यायची, आणि माणूस पैशाच्या बाबतीत सुखात आहे की नाही, हे अधूनमधून तपासायचं. आता सुख मोजायचं कसं? मी त्यासाठी शंभर गुणांची पट्टी बनवली. बचत, विमा, कर्ज, म्हातारपणाची सोय, सगळं भरलं की पडद्यावर एक आकडा येतो आणि हिरवा, पिवळा नाहीतर लाल रंग. पाहुण्यांनी मागे या पट्टीचं कौतुकही केलं होतं. त्यांना आठवत नसेल, मला आठवतं.

माईंकडे पट्टी नव्हती. हिशेब त्याही चोख करायच्या. पण काम संपून माणूस उठला, पिशवी घेऊन दारापर्यंत गेला, की त्या मागून विचारायच्या, "उद्या घरातला फ्रिज बंद पडला, तर पहिलं कुणाला सांगाल?" कुणी म्हणे बायकोला, कुणी म्हणे भावाला. आणि कुणी दाराला हात लावून म्हणे, "कुणाला कशाला सांगायचं?" की माई त्याला परत खुर्चीवर बसवायच्या. त्याच्या खात्यात कितीही असो, माईंच्या लेखी तो अडचणीत.

मला हसू यायचं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची नक्कल करायची, आणि चांगली करायची. मग बाजार कोसळला ते वर्ष आलं. माझे हिरवेगार ग्राहक एकामागून एक फोनवर. आवाज कापरा. "सगळं विकून टाका, आणि आमच्या घरात कळू देऊ नका." काचेपलीकडे माईंचे शिंपीदादा बसलेले, माझ्या पट्टीवर जेमतेम पिवळे. बायकोला घेऊन आले होते आणि दोघं भांडत होती ती दुकानाला पंखा घ्यायचा की नाही यावरून. मध्ये माई निवांत चहा पीत होत्या. त्या चहाचा मला इतका राग आला, की मी काचेवरचा पडदा ओढून घेतला.

हेही मी गिळलं असतं. सहकारी आपल्यापेक्षा चांगला निघाला तर माणूस थोडे दिवस कुढतो आणि कामाला लागतो. पण मग माझी आई आली.

वडील गेल्यावर आईचं सगळं मीच बघितलं. तिला माझ्या पट्टीवर बसवलं. ब्याण्णव गुण. मी हौसेने फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, "बरं." पुढच्या आठवड्यात ती कचेरीत आली. मला वाटलं, मला भेटायला. मी उठून उभी राहिले. आणि माझी सख्खी आई माझ्या काचेवरून पुढे गेली नि माईंच्या केबिनमध्ये जाऊन बसली. माझ्यासमोरच्या ग्राहकाने विचारलं, "तुमच्या ओळखीच्या आहेत का?" हसताय काय? तुमच्या आईने शेजारणीला लेक मानलं असतं, तर तुम्ही हसला असतात?

संध्याकाळी मी तिला फैलावर घेतलं. माझ्यात काय कमी आहे? ती कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "तुझ्यात काही कमी नाही गं. पण तुला काहीही सांगितलं, की तू पहिलं विचारतेस, आधी का नाही सांगितलंस? तिथेच माझं तोंड बंद होतं. माई नुसतं म्हणतात, 'मग?' की मी बोलत सुटते."

एवढ्या एका शब्दावर माईंनी माझी आई नेली, मंडळी. मी माईंना गाठून विचारलं, तुमच्या फ्रिजच्या प्रश्नाला आई काय उत्तर देते? म्हणाल्या, "ग्राहकाचं बोलणं मी बाहेर काढत नाही." मी म्हटलं, "अहो, माझी आई आहे ती." तर म्हणाल्या, "तुमची आई त्या बाहेर पडल्यावर. इथे बसल्या की त्या माझ्या ग्राहक."

आता माई निवृत्त होताहेत. आपल्या प्रत्येक ग्राहकाला त्यांनी सांगून ठेवलंय, पुढे कुणाकडे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. शिंपीदादा माझ्याकडे येणार आहेत, त्यांचं स्वागत. आई? तिला मी महिनाभर आडून आडून विचारतेय. ती म्हणते, "बघते." कोपऱ्यातल्या टेबलावरचे आमचे नवे सल्लागार फार गोड बोलतात, आणि आईला गोड बोलणारी माणसं आवडतात. हसू नका सल्लागारसाहेब, मी तुमच्यावरही जळते.

आज सकाळी मी हे भाषण घोकत केस बांधत होते, तेवढ्यात आईचा फोन आला. "गिझर बंद पडलाय. आठवडाभर कुरकुर करत होता." आधी का नाही सांगितलंस, हे अगदी ओठावर आलं होतं. पण दातात केसांचा चिमटा होता, एवढं लांब वाक्य बाहेर येईना. कसंबसं "मग?" एवढंच निघालं. आणि आई बोलत सुटली. गिझर, गार पाणी, गुडघे, नवा घ्यायचा तर ठेव मोडावी लागेल का, आणि पट्टीवरचे गुण त्याने कमी होतील का. माझ्या आईला माझ्या गुणांची भीती वाटत होती, हे मला आज कळलं. संध्याकाळी बोलू म्हणून मी फोन ठेवला, कारण इथे यायला उशीर होत होता.

मघाशी साहेबांनी भाषणात तो फ्रिजचा प्रश्न सांगितला, सगळे हसले, आणि माझ्या अंगावर काटा आला. आईचं काहीतरी बंद पडलं होतं, आणि तिने मला फोन केला होता. पण जळक्या माणसाला सुख पचतं का? लगेच मनात आलं, माईंना आदल्या दिवशीच सांगून झालं असेल. मी दुसरी असेन. नेहमीसारखी.

माई, आजवर मी खोदून खोदून विचारलं आणि तुम्ही ताकास तूर लागू दिली नाहीत. आज एकदाच सांगा. आईच्या गिझरचं तुम्हाला ठाऊक होतं?

मान हलवलीत ती नाही म्हणूनच ना? पुन्हा एकदा हलवा, मला नीट दिसत नाहीये.

बरं.

माझ्याकडे अजून एक कागद आहे. त्यात माईंची कर्तव्यनिष्ठा वगैरे आहे, पण ते साहेबांनी सांगून झालंय. शिवाय तिसऱ्या रांगेतून आई खुणा करतेय, पुरे कर म्हणून. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ माझं गाऱ्हाणं ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. माईंच्या यजमानांनी आता तयारीत राहावं, घरात काहीही बिघडलं की पहिलं त्यांनाच कळणार आहे. बोलण्याच्या भरात माझी पायरी सुटली असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर तुम्ही सगळ्यांनी आणि विशेषतः माईंनी ते मनावर घेऊ नये.

आणि आई, तू रिक्षा बघू नकोस. गिझर बघायला मी तुझ्याबरोबर घरी येतेय.