वरचं बटण

लसीच्या रांगेत बाळ खांद्यावर झोपलं, म्हणून मी जागची हलले नाही. शेजारच्या बाकावर इस्त्रीचं दुकान चालवणारी एक बाई आणि तिची नणंद मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या.

“वहिनी, बघ, रोबो शर्टाची घडी घालतोय. व्हिडिओखाली चारशे जण भांडतायत.”

“भांडू देत.”

“अगं, एक म्हणतो, हा घरोघरी येणार. दुसरा म्हणतो, इस्त्रीवाल्यांची दुकानं बंद होणार.”

“म्हणजे आपलंच की.”

“तुला भीती नाही वाटत?”

“वाटते ना. पण तो वरचं बटण लावत नाही बघ. न लावता घडी घातली की कॉलर पडते.”

“हे त्या चारशे जणांना दिसलंच नाही. तू कुठे बोलू नकोस हं. शिकला मेला, तर आपण खायचं काय?”

“हं.”

“थांब. इथे लिहिलंय कुणीतरी. ‘आधी वरचं बटण लावा, मग घडी घाला.’ कोण हा शहाणा?”

“असेल कुणीतरी.”

“नावाशेजारचा फोटो आपल्या दुकानाचा आहे, वहिनी.”

“ठेव तो मोबाइल, नंबर येईल आता.”

“वहिनी?”

“काय करू गं. त्या शर्टाकडे बघवेना.”