सासूबाईंचा मोफत मोतीबिंदू

आमच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूचं सांगते. भोंगवलीहून त्यांना पुण्याच्या धर्मादाय दवाखान्यात नेलं. अशा दवाखान्याला गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवाव्याच लागतात, म्हणून ऑपरेशन मोफत होणार होतं. हे ऐकून सासूबाई बिथरल्याच.

"फुकटात शिकाऊ डाक्टर डोळा फोडंल! म्या न्हाई जात."

शेवटी त्यांनी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, "तुमी फुकटवाल्या का पैसंवाल्या?"

त्या हसल्या. "आजी, हितं सगळ्यांचे डोळे मीच करते."

तेव्हा कुठं सासूबाई आत गेल्या. माझा जीव मात्र टांगणीला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, तेव्हा मी घाबरतच विचारलं, "आत्या, दिसतंय का?"

माझ्याकडं निरखून बघत त्या म्हणाल्या, "अगं, लई वाळलीस की तू!"