भिंगारची विनाशिका

मग विश्वास ठेवायचा तरी कुणावर, सहादेव, तूच सांग — कागदावर, का डोळ्यांनी पाहून आलेल्या माणसावर? तू नऊ वर्षं आरमारात, विनाशिकेवर नोकरी, परवा सुट्टीवर आलास — कबूल. पण ही गणपतीपुढची बावीस फुटी विनाशिका मी काही मनानं उभी केलेली नाही. नकाशावरून केलीय. ह्या आसारामच्या वखारीत फळीसुद्धा मापाशिवाय कापत नाहीत. हसतोस काय? बस त्या खोक्यावर, नि आधी ऐक.

गेल्या डिसेंबरात लढाई झाली, तेव्हाच मी मंडळात शब्द टाकला — औंदा देखावा बोटीचा! रणगाडे काय, भिंगारात म्हशींच्या बरोबरीनं रस्त्यानं जातात. बोट कुणी पाहिलीय? मी? — मी पाहिलीय की, नेवाशाला, प्रवरेत! बरं, होडी होती ती. पण छावणीतल्या कर्नलसाहेबांपुढं बोलता बोलता तोंडून निघून गेलं — साहेब, मी अख्खा एक दिवस विनाशिकेवर काढलाय, तिचा खिळान् खिळा मला पाठ आहे. कशाला बोललो? जीभ माझी, दुसरं काय! साहेब खूश. म्हणाले, उद्घाटनाला मीच येणार. उद्या पाचला येतायत, सगळ्यांच्या आधी. आता कळलं, मला घाम का फुटलाय ते?

नकाशासाठी काय नाही केलं! मुंबईला आरमाराच्या कचेरीत पत्र धाडलं, स्वतःच्या हातानं, इंग्रजीत — शाळेत गेलो नाही मी, लिलावाच्या खोक्यांवरची अक्षरं वाचून शिकलो — की तुमच्या विनाशिकेचा पूर्ण नकाशा तोफांसकट पाठवावा, कोण कुठं झोपतं तेही कळवावं. नकाशा नाही आला, पोलीस जमादार आला! दोन तास बसला. शेठ, पाकिस्तानात तुमचं कोण आहे? म्हटलं, बाबा, आमचं कुणी पारनेरच्या पुढं गेलेलं नाही. चहा प्याला, नि जाताना म्हणतो, बोट झाली की सांगा, घरच्यांना घेऊन येतो. मग न्हाव्याच्या दुकानातलं कॅलेंडर मागून आणलं. त्यात बोटीची एकच बाजू. दुसरी बाजू कशी असते हे एलिया मिस्त्री मला विचारतो — मी कुणाला विचारू, न्हाव्याला?

शेवटी नगरात जुन्या सरकारी सामानाचा लिलाव झाला, त्यात पत्र्याच्या नळकांड्यात हा कागद सापडला. बघ — निळाशार! निळ्यावर पांढऱ्या रेघा. म्हटलं, समुद्र दाखवलाय, आणखी काय पाहिजे? नावाचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण अक्षरं वाच — बॉयलर, इंजिन, क्रेन. हे उंच धुराडं. ह्या शिड्या, हे नळ. तोफा दिसेनात, तेव्हाच माझी खात्री पटली — सरकारी कागद, तोफा उघड्यावर काढतील होय? त्या आठ मी माझ्या अंदाजानं बसवल्या. समुद्राला पाणी मागायला नळावर गेलो, तर आळीतली कडूबाई कळशी आपटून म्हणाली, "शेट, आदी प्यायला द्या, मंग बोटी पोहवा!" या दुष्काळात तिचंही खरं. म्हणून निळं कापड अंथरलं.

काय म्हणालास? कागदावरचा तो खालचा गाडा? तोफगाडा आहे तो, दोन चाकांचा... बैल? कुठं बैल? थांब, चष्मा घालू दे. — दोन आहेत खरे. मग ही लांब पन्हाळ कसली? पुन्हा म्हण. ऊस टाकायची गव्हाण? — अरे, काल तो कारभारी केरसुण्यांचं मोळ गवत विकायला आला होता, नेवाशाकडचा, ऊसवाला, तोही इथं उभा राहून म्हणाला, "शेट, झ्याक हाय! मोळी कदी टाकायची?" मला वाटलं, चेष्टा करतोय, मी त्याला हाकलून दिलं. म्हणजे गेले दोन महिने आम्ही... साखर कारखाना?

हसू नकोस. एलियाला ऐकू जाईल, तो मनापासून रंग देतोय.

बरं. असं बघ — कर्नलसाहेब पायदळातले. बोट त्यांनी तरी कुठं पाहिलीय? आणि आपल्या लोकांनी कारखाना पाहिलाय, पण लोक सहानंतर येणार. तू उद्या पाचला गणवेश घालून ह्या धुराड्यापाशी उभा राहा. साहेबांनी विचारलं तर नुसता सलाम ठोक. शिस्तीचा माणूस दिसशील. ते गेले की तोफा उतरव, गव्हाणीत उसाच्या चार कांड्या टाकू, पाटीवर कारखान्याचं नाव. लोक हात जोडतील, बघ! पाप? कसलं पाप? गणपतीपुढं बोट चालते, कारखाना चालत नाही? आणि तोंडानं तर तू काहीच बोलायचं नाहीस. नाही, नाही, असा उठू नकोस. माझ्या अब्रूसाठी एवढं कर, बाबा.

करशील? शहाणा आहेस. आता जा, बुटांना पॉलिश कर. आणि हो, इकडे ये — त्या आठ तोफा म्हणजे आळीतली लाटणी आहेत. सध्या घरोघरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी थापतात, लाटण्याला काम नाही, म्हणून बायांनी दिली. एक आमच्या घरचं, एक कडूबाईचं, बाकी सहा मागाहून सांगतो कुणाची. उतरवलीस की रॉकेलनं रंग पुसून ज्याची त्याला पोचती कर. बोटीचं काय ते माझ्यावर सोड, सहादेव. पण लाटण्यांचा हिशेब मात्र खरा ठेव.