सावकाशरावांनी आत नेलेल्या गाड्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि नव्या बस कंपनीचे व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावर वेळात वेळ काढून आलेल्या वाहतूक खात्याच्या अधिकारी बाई. सरकारी दवाखान्याचे आपले मोठे डॉक्टर. समोर पहिल्या रांगेत अवघडून बसलेले सत्कारमूर्ती, त्यांच्या शेजारी बसलेल्या आमच्या वहिनी. आणि खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या माझ्या ड्रायव्हर बंधूंनो! अरे, बसा की! आज कुणाला सीटा भरायच्या नाहीत.

मला स्टँडवर सगळे वकील म्हणतात. कायद्याचं एक पान मी उलटलेलं नाही. आमच्या मिनीबस ओळीत लागायच्या, पहिली भरली की निघायची, मग दुसरी पुढे सरकायची. त्याला आम्ही नंबर म्हणायचो. नंबरावरून भांडण झालं की माझा आवाज सगळ्यांच्या वर असायचा, एवढीच काय ती माझी वकिली. त्यामुळे आज भाषण कुणी करायचं असा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मंडळी, मला आज दोन कामं दिलेली आहेत. पहिलं सत्कारमूर्तींचं कौतुक करायचं. ते मी आनंदाने करीन. दुसरं काम साहेबांनी आत्ता हॉलच्या पायऱ्यांवर, खांद्यावर हात ठेवून सांगितलं. म्हणाले, "ते तुमचं ऐकतात. उद्यापासून स्टँडवर येऊन उभे राहू नका, असं त्यांना सांगा. पण जरा गोड शब्दांत सांगा." साहेब, माईकवर बोललो म्हणून रागावू नका. सत्कारमूर्तींना, म्हणजे आमच्या सावकाशरावांना, हे नवीन नाही. वॉचमनने त्यांना आधीच सांगून पाहिलंय. ते "बरं" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. आता गोड शब्द सुचायला मला थोडा वेळ लागणार, तोवर कौतुक उरकून घेतो.

यांना सावकाश हे नाव आम्हीच दिलं. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. गाडी कधी सुटणार? सावकाश. मुलीचं लग्न कधी काढताय? सावकाश. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे, पण यांची गाडी खड्ड्यात उतरायची ती एखादं पाणी भरलेलं भांडं उचलून नेल्यासारखी. घाईतले प्रवासी लांबूनच वाकून बघायचे, पुढे नंबर कुणाचा आहे. यांचा असला तर, "अरे देवा, सावकाश!" असं म्हणून चक्क चालत निघायचे. हसताय काय, तुमच्यातल्या अर्ध्या लोकांनी हे केलंय!

पण डॉक्टर, तुम्ही इथे बसलात म्हणून सांगतो. तुमच्या दवाखान्यातून टाके घातलेले पेशंट बाहेर यायचे, पोटाला हात धरून. बाळंतीण यायची, कुशीत गाठोडं घेऊन. त्यांच्याकडे वेगळी गाडी करायला पैसे नसायचे आणि आमच्या गाड्यांत बसायची हिंमत नसायची. ती माणसं फाटकाशी उभी राहून विचारायची, सावकाशकाकांचा नंबर कधी लागणार? मग काय, आम्ही कुरकुरत गाड्या मागे घ्यायचो आणि यांना पुढे काढायचो. आणि हे इतके भोळे, की पेशंट नसेल तेव्हा आपला नंबर दुसऱ्याला देऊन भरपाई करायचे. "तू जा रे, तुझ्या घरी वाट बघत असतील." वहिनी, तुमच्या घरी काय वाट बघत नव्हते? पण तुम्ही कधी तक्रार घेऊन स्टँडवर आला नाहीत. तुमचाही सत्कार व्हायला हवा होता, ते आमच्या लक्षातच आलं नाही.

मग जुन्या गाड्या बंद करायचा हुकूम आला. बाई, तुमच्यासमोर खोटं बोलणार नाही. आमच्या गाड्या धूर ओकायच्या. चढावर तर मागचा स्कूटरवाला दिसेनासा व्हायचा. माझ्या लेकीला खोकला झाला तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, घराजवळ कारखाना आहे का? मी काय सांगणार, कारखाना मीच रोज दारात उभा करतो म्हणून? तेव्हा गाड्या जायलाच हव्या होत्या. त्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण असेल तर इतकंच, की गाडीबरोबर माणूसही जुना ठरवायचा का? गाडीचे पैसे मिळाले. नव्या कंपनीत नोकऱ्याही मिळाल्या, मलाही मिळाली, मी कंपनीचं मीठ खातो आणि ते नाकारत नाही. पण वयाची अट आली आणि सावकाशराव त्या अटीच्या पलीकडे गेले. त्यांना नोकरी नाही. त्यांच्यासाठी आज हा हॉल, हा गुच्छ आणि हे भिंतीवरचं घड्याळ. घड्याळ छान आहे. पण ज्याला कुठे पोचायचंच नाही त्याला आपण घड्याळ देतोय, एवढं मात्र माझ्या मनात आलं.

आता एक गोष्ट सांगतो. व्यासपीठावरच्या मंडळींना ती माहीत नाही आणि मागे भिंतीला टेकलेल्यांना ती विसरता येत नाही.

गाड्या मोडीत द्यायच्या दिवशी आम्ही सगळे भंगाराच्या यार्डाबाहेर गेलो. सवयीने तिथेही नंबर लावूनच उभे राहिलो. आतून माणूस ओरडला, "पहिली घ्या आत!" आणि साहेब, ज्या पहिल्या नंबरासाठी आम्ही आयुष्यभर एकमेकांच्या गचांड्या धरल्या, तो त्या दिवशी कुणालाच नको झाला. पहिला म्हणाला, माझ्या गाडीचं पाणी तापलंय, तू हो पुढे. दुसऱ्याला एकदम कुणाचा तरी फोन आला. तिसरा मी. मी म्हटलं, कागद तपासून घेतो जरा. कसले कागद, कपाळ माझं! माझ्या हाताला सेल्फ मारवेना. आतला माणूस शिव्या द्यायला लागला.

तेव्हा मागून सावकाशराव चालत आले. खांद्यावर काच पुसायचं फडकं. पहिल्या गाडीवाल्याला म्हणाले, "किल्ली दे. तू नको बघू." गाडी आत नेली, आपल्या त्याच चालीने. फाटकातला खड्डासुद्धा चुकवला हो! पाच मिनिटांनी मोडणारी ती गाडी, आणि हा माणूस तिला खड्डा लागू देत नव्हता. परत आले ते फडक्यात काहीतरी गुंडाळून. उघडलं तर त्या ड्रायव्हरच्या आईचा फोटो. समोरच्या काचेपाशी लावलेला, गडबडीत तो काढायचा राहिला होता. मग दुसऱ्याची किल्ली घेतली. मग माझी.

मी तोंड फिरवून उभा राहिलो. माझ्या लेकीने लहानपणी माझ्या डॅशबोर्डवर कागदी फुलपाखरू चिकटवलं होतं. उन्हाने पार पांढरं पडलेलं. मला ते आठवलंसुद्धा नाही. यांनी आत बसून ते नखाने, कडेकडेने, न फाटता सोडवून आणलं. माझ्या हातावर ठेवलं आणि म्हणाले, "पोरीचं आहे ना?" नव्या गाडीत काही चिकटवायची परवानगी नाही. म्हणून ते माझ्या पाकिटात असतं.

अशा आमच्या सगळ्यांच्या गाड्या त्यांनी आत नेल्या. सगळ्यांच्या! आम्ही रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसलो, एकमेकांकडे न बघता. त्यांच्यासाठीही चहा सांगितला आणि कपावर बशी झाकून ठेवली. बऱ्याच वेळाने कुणीतरी म्हणालं, अरे, सावकाश कुठे राहिले? बघतो तर फाटकाबाहेर रस्ता मोकळा. त्यांनी स्वतःची गाडीही आत नेली होती. ज्या माणसाने आम्हा सगळ्यांच्या किल्ल्या मागून घेतल्या, त्याची किल्ली मागायला आमच्यातला एकही उठला नाही. कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

यार्डातला माणूस नंतर मला सांगत होता. म्हणाला, तुमचा तो म्हातारा शेवटच्या गाडीत बसून राहिला. उतरताना त्याने गाडी गिअरमध्ये टाकली आणि हँडब्रेक ओढला. भंगारात दिलेल्या गाडीला हँडब्रेक! तो माणूस हसत होता, त्याला ते गमतीचं वाटलं. मला नाही हसू आलं. गाडी घसरून कुणाला लागू नये, एवढीच काळजी त्या हाताला ठाऊक होती.

टपरीवर आले तेव्हा फडकं रिकामं होतं. मी विचारलं, तुमच्या गाडीतून काय आणलंत? म्हणाले, "राहू दे तिथंच." आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

त्यानंतर हे रोज सकाळी स्टँडवर येतात. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा. नव्या शेडच्या खांबापाशी उभे राहतात. काही करत नाहीत. गाडी आली की बघतात, गेली की बघतात. जुने प्रवासी त्यांनाच विचारतात, काका, बाजाराला कुठली? नव्या गाडीतल्या स्पीकरवर एक बाई गोड आवाजात पुढचा थांबा सांगते, पण खाली उभ्या असलेल्या म्हातारीला ती काही सांगत नाही. तेवढं काम यांनी आपण होऊन घेतलंय. पण गर्दीत अडचण होते, तक्रार गेली, आणि नियम असा की शेडखाली फक्त प्रवाशांनी थांबायचं. साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनाही वरून विचारणारे आहेत.

परवा मी वहिनींना भेटायला गेलो. म्हटलं, यांना चार दिवस घरी बसवा, सवय होईल. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, बसवून पाहिलं. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसतात. बाहेर गाडीचा आवाज आला की यांचा डावा पाय फरशीवर दाबला जातो. क्लच हो! यांना कळतसुद्धा नाही. मी भाजी चिरता चिरता बघते आणि उठून आत जाते. त्यापेक्षा स्टँडवर उभे राहिलेले बरे. तिथं निदान मला दिसत नाहीत." वहिनी, तुमच्या घरातलं बोलणं चारचौघांत सांगितलं, माफ करा. पण हे साहेबांच्या कानावर जायला हवं होतं.

तर आता दुसरं काम. गोड शब्द काही सुचले नाहीत. साधेच सांगतो.

सावकाशराव, मान वर करा. असे बुटांकडे बघू नका. उद्यापासून तुम्हाला शेडखाली नुसतं उभं राहता येणार नाही. नियम आहे, आणि साहेबांनी सांगायला सांगितलं ते मी सांगितलं. पण प्रवाशांना थांबता येतं, असंही त्याच नियमात आहे. उद्या सकाळची पहिली फेरी माझी. तुम्ही प्रवासी म्हणून या. तिकीट मी काढून ठेवतो. डावीकडची पहिली सीट, समोरची सगळी काच दिसते. शेवटच्या थांब्यापर्यंत चला, तिथे डबा खा, परतीच्या गाडीला मागे भिंतीपाशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी असेल. त्याची फेरी, त्याचं तिकीट. हात वर करा रे, ज्यांच्या गाड्या यांनी आत नेल्या त्यांनी! बघा सावकाशराव, मागे वळून बघा एकदा.

त्या दिवशी तुमची किल्ली मागायला कुणी आलं नाही. ते आता भरून निघणार नाही, मला ठाऊक आहे. गाडी गेली ती गेली. तुम्ही फक्त बसा. पाय दाबला गेला तर दाबू द्या, माझ्या गाडीत कुणी हसणार नाही. आणि खड्डा लागला तर मागून ओरडा, मला अजून तुमच्यासारखा चुकवता येत नाही.

अध्यक्ष साहेब, बाई, डॉक्टर, आपण सगळे आलात, इतका वेळ ऐकून घेतलंत, आभारी आहे. हॉल झाडून देणाऱ्या मावशींचे आणि माईकवाल्याचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, जे बोलायचं नव्हतं ते बोललं गेलं असेल, तर ते पोटात घाला. साहेब, तुमचं काम मी सांगितल्यासारखं केलं नसेल, तर त्याची शिक्षा माझ्या नावावर लिहा, यांच्या नको.

सावकाशराव, नव्या गाडीला नंबर नसतो, ती कुणासाठी थांबत नाही. उद्या जरा लवकर या. मी दार उघडून ठेवतो.